एक्स्पेक्ट (सॉफ्टवेअर)

एक्स्पेक्ट हे टर्मिनलवर चालणाऱ्या संवादात्मक प्रोग्रॅमांशी माणसाच्या वतीने संवाद साधणारे सॉफ्टवेअर आहे. डॉन लिबेस यांनी ते १९९० साली अमेरिकेतील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्‌स अँड टेक्नॉलॉजी (निस्ट) या शासकीय संस्थेत तयार केले. टीसीएल या स्क्रिप्ट भाषेचा विस्तार असे त्याचे स्वरूप आहे. एखादा प्रोग्रॅम पडद्यावर काय लिहितो याची वाट पाहणे आणि अपेक्षित मजकूर दिसताच ठरलेले उत्तर पाठवणे, हे त्याचे मूळ काम होय. त्याचे नावही या ‘अपेक्षे’वरूनच पडले आहे.

दूरच्या संगणकावर टेलनेट किंवा एसएसएचद्वारे प्रवेश करणे, तेथील सर्व्हर पुन्हा सुरू करणे, राउटरची संरचना बदलणे आणि सॉफ्टवेअरच्या चाचण्या घेणे या कामांसाठी एक्स्पेक्टचा वापर होत आला आहे. मूळ आवृत्ती युनिक्ससाठी लिहिली गेली. पुढे ती लिनक्स, मॅकओएस, विंडोज इत्यादी प्रणालींवरही उपलब्ध झाली.

## पार्श्वभूमी

युनिक्समध्ये एका प्रोग्रॅमचे आउटपुट दुसऱ्या प्रोग्रॅमला इनपुट म्हणून देता येते. ‘पाइप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या सोयीमुळे अनेक लहान प्रोग्रॅम जोडून मोठे काम करता येते. मात्र समोर माणूस बसला आहे असे गृहीत धरून लिहिलेले प्रोग्रॅम या साखळीत बसत नाहीत. ते प्रश्न विचारतात, उत्तरासाठी थांबतात आणि उत्तर पाहून पुढचा प्रश्न ठरवतात.

पासवर्ड बदलणारा ‘पासडब्ल्यूडी’ हा प्रोग्रॅम याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. पारंपरिक युनिक्समध्ये तो पासवर्ड पाइपमधून न घेता थेट टर्मिनलवरून वाचतो. एसएसएचचा क्लायंटही सामान्यतः तसेच करतो. त्यामुळे पासवर्ड एका फाइलमध्ये लिहून ती फाइल या प्रोग्रॅमांकडे वळवण्याचा प्रयत्न निष्फळ ठरतो. फाइल प्रणालीची तपासणी करणाऱ्या ‘एफएससीके’ची अडचण निराळी होती. त्याला सर्व प्रश्नांची उत्तरे ‘होय’ किंवा सर्व प्रश्नांची उत्तरे ‘नाही’ अशी आधीच सांगता येत असत. परंतु काही प्रश्नांना होकार आणि काहींना नकार द्यायचा असेल तर माणसाला टर्मिनलपाशी बसावेच लागे.

एक्स्पेक्टच्या आधीही या अडचणीवर मर्यादित उपाय झाले होते. दूरध्वनीच्या तारेवरून युनिक्स संगणक जोडणाऱ्या यूयूसीपी या प्रणालीत ‘चॅट स्क्रिप्ट’ असत. कोणत्या मजकुराची वाट पाहायची आणि त्यानंतर काय पाठवायचे, अशा जोड्यांची ती क्रमवार यादी असे. नंबर फिरवून लॉगिन करण्यापुरते ते पुरेसे होते. परंतु संवादाला अनपेक्षित वळण लागल्यास निर्णय घेण्याची ताकद या यादीत फारशी नव्हती. एक्स्पेक्टने हीच कल्पना एका संपूर्ण प्रोग्रॅमिंग भाषेत आणली.

## इतिहास

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत जॉन औस्टरहाउट यांनी १९८८ च्या सुमारास टीसीएल ही भाषा विकसित करण्यास प्रारंभ केला. इतर सॉफ्टवेअरमध्ये सहज बसवता येईल अशी छोटी आज्ञाभाषा निर्माण करणे हा तिचा हेतू होता. जानेवारी १९९० मध्ये युझनिक्स या संघटनेच्या परिषदेत टीसीएलवरील निबंध सादर झाला. संवादात्मक प्रोग्रॅमांच्या नियंत्रणासाठी लिबेस यांना अशाच भाषेची गरज होती. त्यांनी तिच्या आधारे एक्स्पेक्ट लिहिले आणि त्याच वर्षीच्या उन्हाळी युझनिक्स परिषदेत त्यावरील निबंध मांडला.

संगणक व्यवस्थापकांमध्ये एक्स्पेक्टचा झपाट्याने प्रसार झाला. टीसीएलच्या सुरुवातीच्या वापरकर्त्यांपैकी अनेकांची त्या भाषेशी ओळख एक्स्पेक्टमुळेच झाली. शासकीय संस्थेत तयार झालेले हे सॉफ्टवेअर सार्वजनिक अधिक्षेत्रात खुले ठेवण्यात आले. त्यामुळे कोणालाही ते विनामूल्य वापरता व बदलता आले. १९९० च्या दशकाच्या मध्यास लिबेस यांचे ‘एक्स्प्लोरिंग एक्स्पेक्ट’ हे पुस्तक ओ’रायली या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केले.

प्रारंभीच्या उदाहरणांमध्ये ‘रोग’ या खेळाचा समावेश होता. या खेळात नायकाची शक्ती सहसा १६ असते, पण क्वचित ती १८ मिळते. एक्स्पेक्टची छोटी स्क्रिप्ट १८ हा आकडा दिसेपर्यंत खेळ पुन्हा पुन्हा सुरू करत असे आणि मग तो खेळाडूच्या हाती सोपवत असे. पडद्यावरील मजकूर वाचणे, त्यावरून निर्णय घेणे, अयशस्वी प्रयत्न सोडून देणे आणि शेवटी नियंत्रण माणसाकडे देणे ही एक्स्पेक्टची चारही वैशिष्ट्ये या उदाहरणात दिसतात.

## कार्यपद्धती

### स्यूडो-टर्मिनल

एक्स्पेक्टचा पाया युनिक्समधील ‘स्यूडो-टर्मिनल’ या सोयीवर आधारलेला आहे. स्यूडो-टर्मिनल म्हणजे प्रत्यक्ष यंत्राशिवाय असलेले, केवळ सॉफ्टवेअरमध्ये अस्तित्वात असणारे टर्मिनल. त्याला दोन टोके असतात. एका टोकाला नियंत्रित प्रोग्रॅम जोडला जातो आणि आपण खऱ्या टर्मिनलवर चाललो आहोत असे त्याला वाटते. दुसरे टोक एक्स्पेक्टच्या ताब्यात राहते. त्यामुळे पाइपमधून उत्तर न स्वीकारणारा प्रोग्रॅम येथे मात्र उत्तर स्वीकारतो. नियंत्रित प्रोग्रॅमात कोणताही बदल करावा लागत नाही, तसेच त्याचा मूळ कोडही हाती असावा लागत नाही.

### प्रमुख आज्ञा

एक्स्पेक्टच्या बहुतेक स्क्रिप्ट पुढील चार आज्ञांभोवती रचलेल्या असतात.

* स्पॉन – नवा प्रोग्रॅम स्यूडो-टर्मिनलवर सुरू करते.
* एक्स्पेक्ट – त्या प्रोग्रॅमच्या आउटपुटमध्ये दिलेल्या नमुन्याची वाट पाहते. एकाच वेळी अनेक नमुने देता येतात आणि प्रत्येकासाठी वेगळी कृती ठरवता येते.
* सेंड – माणसाने कळफलकावर टंकित केल्याप्रमाणे मजकूर पाठवते.
* इंटरॅक्ट – स्वयंचलित भाग संपल्यावर नियंत्रण वापरकर्त्याकडे देते.

नमुना तीन प्रकारे लिहिता येतो : जसाच्या तसा मजकूर, फाइलनावांसाठी वापरल्या जाणाऱ्या ताऱ्यासारख्या चिन्हांचा नमुना किंवा रेग्युलर एक्स्प्रेशन. यांखेरीज दोन विशेष घटनांसाठीही कृती नेमता येते. नियंत्रित प्रोग्रॅमने आपले आउटपुट बंद केले तर ‘ईओएफ’ ही घटना घडते. ठरलेल्या वेळेत कोणताही नमुना जुळला नाही तर ‘टाइमआउट’ घडते. टाइमआउटची मूळ मर्यादा १० सेकंद असून ती गरजेनुसार बदलता येते. ती उणे १ केल्यास प्रतीक्षा अमर्याद होते.

जुळणी ओळींनुसार होत नाही, तोवर आलेल्या अक्षरांच्या साठ्यावर होते. त्यामुळे नमुन्यातील आरंभ आणि अंत दर्शवणारी चिन्हे ओळीचा नव्हे तर त्या साठ्याचा आरंभ आणि अंत दर्शवतात. नवशिक्यांचा येथे अनेकदा गोंधळ होतो. दुसरा फरक ओळीच्या शेवटाचा आहे. माणूस एंटरची कळ दाबतो तेव्हा टर्मिनलकडे ‘कॅरेज रिटर्न’ हे चिन्ह जाते; म्हणून सेंड आज्ञेच्या शेवटीही तेच चिन्ह द्यावे लागते.

## दूरस्थ सत्रांचे स्वयंचलन

एक्स्पेक्ट प्रचारात आले त्या काळात दूरच्या संगणकावर काम करण्यासाठी प्रामुख्याने टेलनेट वापरले जाई. टेलनेटचे मानक १९८३ साली आरएफसी ८५४ या दस्तऐवजात निश्चित झाले. त्यात वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड कोणत्याही सांकेतिकीकरणाविना नेटवर्कवरून जातात. हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरण्याचा प्रकार घडल्यानंतर तातू यलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच हा सुरक्षित पर्याय तयार केला. एक्स्पेक्टच्या दृष्टीने मात्र दोन्हींतील संवाद सारखाच असतो : नाव, पासवर्ड, प्रॉम्प्ट, आज्ञा आणि तिचे उत्तर.

एक्स्पेक्ट न वापरता असे सत्र चालवण्याची एक सोपी वाटणारी पद्धत प्रचलित होती. शेल स्क्रिप्टमधून नाव पाठवायचे, एक-दोन सेकंद थांबायचे, पासवर्ड पाठवायचे, पुन्हा थांबायचे आणि मग आज्ञा पाठवायची. या पद्धतीत समोरून काय उत्तर आले हे पाहिलेच जात नाही. सर्व्हर पुन्हा सुरू करण्याची वेळ सहसा त्याच्यावर ताण आलेला असताना येते आणि नेमक्या त्याच वेळी त्याचे प्रॉम्प्ट नेहमीपेक्षा उशिरा दिसतात. परिणामी रोज सुरळीत चालणारी स्क्रिप्ट गरजेच्या क्षणी चुकीच्या जागी चुकीचा मजकूर पाठवते. वेळेऐवजी मजकुराची वाट पाहणे हा एक्स्पेक्टचा मुख्य फायदा येथे स्पष्ट होतो.

## उदाहरण : सर्व्हर पुन्हा सुरू करणे

नेटवर्कवरील सर्व्हर पुन्हा सुरू करणारी स्क्रिप्ट वरवर पाहता तीन-चार ओळींची असते. विश्वासार्ह स्क्रिप्टमध्ये मात्र प्रत्येक टप्प्यावर एकाहून अधिक शक्यता हाताळाव्या लागतात.

जोडणी. एसएसएच क्लायंट सुरू केल्यानंतर पासवर्डचा प्रश्न येईलच असे नाही. यजमान संगणकाची ओळख नवी असल्यास ती मान्य आहे का असा प्रश्न येतो. जोडणी नाकारली जाऊ शकते. संगणक प्रतिसादच देणार नाही असेही घडते. किंवा किल्लीद्वारे ओळख पटून थेट प्रॉम्प्ट दिसतो. या सर्व शक्यता एकाच एक्स्पेक्ट आज्ञेत स्वतंत्र नमुने म्हणून लिहिल्या जातात.

ओळख पटवणे. पासवर्ड पाठवल्यावर प्रॉम्प्टची तसेच ‘परवानगी नाकारली’ या अर्थाच्या संदेशाचीही वाट पाहावी लागते. नकार मिळाल्यावर स्क्रिप्टने तेथेच थांबणे इष्ट असते. तोच चुकीचा पासवर्ड पुन्हा पुन्हा पाठवल्यास अनेक प्रणाली ते खाते किंवा तो पत्ता काही काळ बंद करतात.

आज्ञा देणे. प्रॉम्प्ट पुन्हा दिसला याचा अर्थ आज्ञा यशस्वी झाली असा होत नाही. अयशस्वी आज्ञेनंतरही प्रॉम्प्ट येतोच. म्हणून आज्ञेचा निर्गम-क्रमांक छापून घेतला जातो. युनिक्समध्ये शून्य म्हणजे यश आणि इतर कोणतीही संख्या म्हणजे अपयश. येथे टर्मिनलचा ‘इको’ लक्षात ठेवावा लागतो. पाठवलेली आज्ञा स्वतःच पडद्यावर उमटते आणि साठ्यात येते. आज्ञेत असलेला शब्दच यशाची खूण मानला, तर काम होण्यापूर्वीच नमुना जुळतो. खूण आणि तिच्यापुढील प्रत्यक्ष अंक यांची एकत्र जुळणी केल्यास ही चूक टळते, कारण टंकित आज्ञेत त्या जागी अंक नसून चलाचे चिन्ह असते.

सेवा आणि संगणक यांतील फरक. वेब सर्व्हर किंवा विदागार यांसारखी एखादी सेवाच पुन्हा सुरू करायची असेल, तर सत्र खंडित होत नाही. संपूर्ण संगणक पुन्हा सुरू करायचा असेल, तर जोडणी तुटते आणि ईओएफ घडते. पहिल्या प्रसंगी ईओएफ हे बिघाडाचे लक्षण असते, तर दुसऱ्या प्रसंगी ते अपेक्षितच असते.

पडताळणी. संगणक परत कार्यरत झाला हे पाहण्यासाठी ठरावीक अंतराने पुन्हा जोडणीचा प्रयत्न केला जातो. बंद होण्याची प्रक्रिया सुरू असताना काही क्षण जुनीच प्रणाली नवी जोडणी स्वीकारू शकते. त्यामुळे केवळ लॉगिन होणे हा पुरावा पुरेसा ठरत नाही. लिनक्समध्ये प्रत्येक प्रारंभाच्या वेळी एक नवा यादृच्छिक ओळखक्रमांक तयार होतो. आधीचा आणि नंतरचा क्रमांक वेगळा असेल, तरच संगणक खरोखर पुन्हा सुरू झाला असे म्हणता येते. त्यानंतर मूळ सेवा ग्राहकांच्या विनंत्यांना उत्तर देत आहे की नाही हे स्वतंत्रपणे तपासले जाते.

## नेहमी आढळणारे दोष

टाइमआउटकडे दुर्लक्ष. टाइमआउटसाठी कृती नेमली नसेल, तर वेळ संपल्यावर एक्स्पेक्ट थांबत नाही. स्क्रिप्ट पुढच्या ओळीवर जाते. पासवर्डचा प्रश्न न येताच पासवर्ड पाठवला गेला, तर तो शेलच्या प्रॉम्प्टवर आज्ञा म्हणून उमटू शकतो आणि आज्ञांच्या इतिहासाच्या फाइलमध्ये उघडपणे नोंदला जाऊ शकतो.

सत्रासोबत सर्व्हर बंद पडणे. सत्र संपताना टर्मिनलशी जोडलेल्या प्रक्रियांकडे ‘हँगअप’ हा संकेत जातो आणि त्याची वेगळी व्यवस्था केलेली नसेल तर त्या प्रक्रिया संपतात. म्हणून दूरस्थ सत्रातून थेट सुरू केलेला सर्व्हर स्क्रिप्ट चालू असेपर्यंत ठीक दिसतो आणि स्क्रिप्ट संपताच नाहीसा होतो. यावर ‘नोहप’सारखी आज्ञा वापरतात किंवा सर्व्हर सुरू करण्याचे काम प्रणालीच्या सेवा-व्यवस्थापकाकडे सोपवतात. दुसरा मार्ग अधिक भरवशाचा आहे.

प्रॉम्प्टविषयी चुकीचे गृहीतक. डॉलरचे किंवा हॅशचे चिन्ह म्हणजे प्रॉम्प्ट, असे मानणाऱ्या स्क्रिप्ट स्वागतसंदेशात तेच चिन्ह आल्यावर फसतात. रंगीत प्रॉम्प्टमध्ये न दिसणारी नियंत्रणचिन्हेही मिसळलेली असतात. त्यामुळे लॉगिन होताच प्रॉम्प्ट बदलून तो एकमेव व ओळखता येईल असा ठेवण्याची पद्धत आहे.

क्रॉनमधील वेगळे वातावरण. हाताने चालवल्यावर यशस्वी होणारी स्क्रिप्ट क्रॉनमधून ठरलेल्या वेळी चालवल्यावर अपयशी होऊ शकते. क्रॉनमध्ये टर्मिनलचा प्रकार, आज्ञा शोधण्याचे मार्ग इत्यादी चलांची मूल्ये वेगळी असतात किंवा मुळीच नसतात. ती स्क्रिप्टमध्ये स्पष्टपणे द्यावी लागतात.

अतिवेगवान उत्तर. काही प्रोग्रॅम पासवर्ड विचारताना इको बंद करतात आणि त्याच वेळी आधी येऊन पडलेला मजकूर टाकून देतात. माणसाच्या वेगाला याचा उपद्रव होत नाही. मात्र स्क्रिप्टचे तत्काळ गेलेले उत्तर हरवू शकते. अशा ठिकाणी उत्तरापूर्वी अल्प विराम ठेवला जातो.

## सुरक्षितता

स्वयंचलित लॉगिनसाठी पासवर्ड कोठेतरी साठवावा लागतो आणि हीच या पद्धतीची सर्वांत मोठी कमकुवत बाजू आहे. स्क्रिप्टमध्ये लिहिलेला पासवर्ड ती फाइल वाचू शकणाऱ्या प्रत्येकाला दिसतो. फाइलच्या बॅकअपमधून आणि सामायिक कोडसंग्रहातूनही तो पसरू शकतो. पासवर्ड आज्ञेच्या ओळीवर दिल्यास चालू प्रक्रियांच्या यादीत तो त्या संगणकावरील इतर वापरकर्त्यांना दिसण्याची शक्यता असते. सत्राची नोंद ठेवणाऱ्या लॉग फाइलमध्येही गोपनीय मजकूर उतरू नये याची काळजी घ्यावी लागते.

यजमान संगणकाच्या ओळखीविषयीच्या प्रश्नाला सरसकट ‘होय’ असे उत्तर देणाऱ्या स्क्रिप्ट सर्रास आढळतात. हा प्रश्न मध्येच दुसरा कोणी संगणक सर्व्हरच्या नावाने उत्तर देत नाही ना, हे तपासण्यासाठी असतो. आपोआप होकार दिल्यास एसएसएचचे ते संरक्षण निरुपयोगी ठरते आणि त्यानंतर पाठवलेला पासवर्ड भलत्याच हाती पडू शकतो. यजमानाची सार्वजनिक किल्ली विश्वासू मार्गाने आधीच नोंदवून ठेवणे हा योग्य उपाय समजला जातो.

## पर्याय

सर्व्हर पुन्हा सुरू करण्यासारख्या कामात संवाद हाताळण्यापेक्षा संवादाची गरजच काढून टाकणे अनेकदा अधिक श्रेयस्कर असते. एसएसएचमध्ये पासवर्डऐवजी किल्ल्यांची जोडी वापरता येते. क्लायंटला यजमानाच्या नावापुढे थेट आज्ञा दिली, तर ती तेथे चालवली जाते आणि तिचा निर्गम-क्रमांक परत मिळतो. जोडणीतच दोष असल्यास २५५ हा क्रमांक मिळतो. एखाद्या किल्लीने केवळ एकच ठरलेली आज्ञा चालवता येईल अशी मर्यादा सर्व्हरवर घालता येते. त्याचप्रमाणे ‘सुडो’च्या संरचनेत विशिष्ट वापरकर्त्याला केवळ एक सेवा पुन्हा सुरू करण्याची मुभा पासवर्डाविना देता येते. किल्ली चोरीला गेली तरी होणारे नुकसान त्यामुळे मर्यादित राहते.

बंद पडलेली सेवा त्याच संगणकावर आपोआप पुन्हा सुरू करण्याची सोय लिनक्सवरील ‘सिस्टमडी’सारख्या सेवा-व्यवस्थापकांत आहे. अनेक संगणकांसाठी २०१२ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या अँसिबलसारखी साधने वापरली जातात. राउटर व स्विच यांच्या बाबतीत पडद्यावरचा मजकूर वाचून काम करणे विशेष ठिसूळ ठरते, कारण उपकरणाच्या नव्या आवृत्तीत शब्दरचना किंचित बदलली तरी नमुने निकामी होतात. यंत्रांना वाचता येईल अशा रचनाबद्ध संवादासाठी २००६ मध्ये नेटकॉन्फ या प्रोटोकॉलचे मानक प्रसिद्ध झाले.

तरीही एक्स्पेक्टचे क्षेत्र संपलेले नाही. केवळ सीरियल कन्सोल असलेली उपकरणे, बदल करण्याची सोय नसलेली जुनी सॉफ्टवेअरे आणि नेटवर्क बंद असताना प्रारंभाच्या टप्प्यावरच दिसणारे मेनू यांच्याशी बोलण्यासाठी मजकुराखेरीज दुसरा मार्ग बहुधा नसतो.

## प्रभाव

एक्स्पेक्टची कल्पना इतर भाषांनीही स्वीकारली. पायथनमधील ‘पीएक्स्पेक्ट’ आणि पर्लमधील ‘एक्स्पेक्ट’ मॉड्यूल ही त्याची प्रसिद्ध रूपे आहेत. अँसिबलमधील याच नावाचे मॉड्यूल पीएक्स्पेक्टवर आधारलेले आहे. ‘डेजाग्नू’ ही चाचणी-चौकट एक्स्पेक्टमध्ये लिहिलेली असून जीसीसी या कंपायलरच्या चाचण्यांसाठी ती वापरली जाते. नेटवर्क उपकरणांच्या संरचनेतील बदलांची नोंद ठेवणारे ‘रॅन्सिड’ हे साधनही उपकरणांवर लॉगिन करण्यासाठी एक्स्पेक्टवर अवलंबून आहे. एक्स्पेक्टसोबत मिळणारा ‘ऑटोएक्स्पेक्ट’ हा प्रोग्रॅम माणसाने केलेला संवाद पाहून त्याची स्क्रिप्ट तयार करतो. मात्र दिनांक, वेळ यांसारखा दर वेळी बदलणारा मजकूरही तो जसाच्या तसा टिपतो. त्यामुळे अशी स्क्रिप्ट वापरापूर्वी हाताने सुधारावी लागते.

## हेसुद्धा पाहा

* टीसीएल
* एसएसएच
* टेलनेट
* युनिक्स
* शेल स्क्रिप्ट
* अँसिबल